जरब आणि तिची डागडुजी

दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याहून आलेली जंगलजेटी मोटारी आणि माणसे उतरवीत असते, त्या गडबडीतून क्षणभर बाजूला होऊन वायव्येकडे पाहिले असता राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी, जणू पाण्यातूनच वर आलेला, जंजिऱ्याचा काळा तट दृष्टीस पडतो. आणि इतिहासाची थोडीशीही जाण बरोबर घेऊन आलेल्या प्रवाशाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की एवढ्याशा बेटावरच्या या किल्ल्याने शिवाजीमहाराज, संभाजीमहाराज आणि पहिला बाजीराव अशा तिघांच्या पराक्रमाला दाद दिली नाही, ती नेमकी कशाच्या बळावर? तट भक्कम आहे हे खरे. परंतु याच मराठ्यांनी याहून भक्कम तट घेतले होते. किल्ला राखणाऱ्या सिद्दीपाशी तटाखेरीज आणखी तीन गोष्टी होत्या : स्वतःचे आरमार, मोगलांच्या खजिन्यातून मिळणारा पैसा, आणि बुरुजांवर मांडलेल्या लांब पल्ल्याच्या तोफा. त्यांतील कलाल बांगडी ही तोफ आजही तेथे आहे. वाटाडे तिचा पल्ला सांगतात तो दर मोसमाला थोडाथोडा वाढत जातो, हा भाग सोडून देऊ. पण अशी तोफ बुरुजावर आहे एवढे ठाऊक असणे, हेच होड्या घेऊन येणाऱ्याचा हात अर्ध्यावर थांबविण्यास पुष्कळ वेळा पुरेसे होत असले पाहिजे.

या गुणाला आपल्या भाषेत ‘जरब’ असा एक नेमका शब्द आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ आघात, प्रहार. फारशी दफ्तरांतून तो मराठीत येता येता प्रहार गळून पडला आणि प्रहाराची भीती तेवढी शिल्लक राहिली. आजच्या युद्धशास्त्राचे पंडित ज्या सिद्धान्तावर ग्रंथ लिहितात तो आमच्या कारकुनांनी एका शब्दात बांधून ठेवला आहे : आघात करावा न लागता त्याचे फळ पदरात पडावे. अण्वस्त्रांच्या बाबतीत तर हा अर्थ अक्षरशः लागू पडतो, कारण हे शस्त्र वापरावे लागले त्या क्षणी ते ज्यासाठी बनविले तो हेतूच धुळीस मिळालेला असतो.

परंतु जरब ही एकदा मिळवून पेटीत कुलूपबंद करून ठेवण्याची वस्तू नव्हे, आणि हे समजून घेण्यासाठीही दिघीच्या धक्क्यावरून फार दूर जावे लागत नाही. १६७१ साली शिमग्याच्या रात्री, समोरच्या किनाऱ्यावरील दंडा-राजपुरीच्या मराठी ठाण्यात सणाचा माहोल असता सिद्दीने छापा घातला, आणि ठाण्यातले दारूचे कोठार उडाल्याने घेतलेली जागा हातची गेली. त्यानंतरच्या वर्षांत शिवाजीमहाराजांनी जंजिऱ्याच्या उत्तरेस, मुरुडच्या समोर समुद्रात, कासा नावाच्या खडकावर पद्मदुर्ग उभा केला. सिद्दीचा किल्ला घेता येत नाही, तर त्याच्या डोळ्यांसमोर आपला किल्ला उभा करावा, म्हणजे त्याला समुद्रात मोकळेपणी वावरता येणार नाही, असा तो हिशेब. याच पद्मदुर्गासंबंधी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. किल्ल्याच्या कामासाठी जो ऐवज आणि जो गल्ला पोचता करण्याचा हुकूम झाला होता तो या सुभेदाराने वेळेवर पोचविला नाही. तेव्हा राजपुरीच्या उरावर आपण दुसरी राजपुरी वसविली असता तिचीच रसद तुम्ही अडविता, तर तुम्हांस शत्रूने काही देऊन आपलेसे केले आहे की काय, अशा आशयाची जळजळीत ताकीद त्यात आहे. मला हे पत्र अतिशय महत्त्वाचे वाटते. समुद्रातला किल्ला, त्यावरच्या तोफा आणि त्यातून निर्माण होणारी जरब ही सारी शेवटी एका सुभ्यातून वेळेवर निघणाऱ्या धान्याच्या पोत्यांवर उभी असते, हे ज्याला कळले होते त्याला राज्य कळले होते.

आता याच किनाऱ्याने उत्तरेकडे हवाई अंतराने सुमारे ८० किलोमीटर गेले की मुंबईच्या पूर्व अंगाला ट्रॉम्बेची टेकडी लागते. डॉ. होमी भाभा यांनी १९५४ साली येथे अणुशक्तीची संस्था स्थापिली. ऑगस्ट १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी चालू झाली, आणि जुलै १९६० मध्ये कॅनडाच्या साह्याने उभारलेली, ४० मेगावॉट औष्णिक शक्तीची ‘सायरस’. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्याचा कारखानाही येथेच १९६४ च्या सुमारास उभा राहिला. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला चीनने लोपनोरच्या वाळवंटात आपला पहिला अणुस्फोट केला, आणि दोन वर्षांपूर्वीच्या हिमालयातील पराभवाची जखम ओली असलेल्या या देशात, ट्रॉम्बेला जमा होणाऱ्या त्या राखाडी धातूकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली. १८ मे १९७४ रोजी पोखरणच्या भूमीखाली जो स्फोट झाला त्याचे प्लुटोनियम सायरसमधले होते; त्यामुळेच कॅनडाने पुढे आपले सहकार्य काढून घेतले. १९८५ मध्ये १०० मेगावॉटची ‘ध्रुव’ भट्टी आली, आणि ११ व १३ मे १९९८ रोजी पुन्हा पोखरणलाच पाच स्फोट होऊन भारत उघडपणे अण्वस्त्रधारी झाला. या दोन्ही प्रसंगांच्या तयारीत ज्यांचा सहभाग होता ते डॉ. अनिल काकोडकर हे मुंबईच्या रुपारेल महाविद्यालयाचे आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआयचे विद्यार्थी.

सामान्य वाचकाची समजूत अशी असते की १९९८ मध्ये बाँब झाले, आता ते कोठारात आहेत, प्रश्न मिटला. तो मिटत नाही याचे पहिले कारण पदार्थविज्ञानात आहे. समुद्रकाठच्या किल्ल्यात दारू दमट होते, लोखंडी तोफेला खारा वारा खातो, आणि गोलंदाजाने दर पावसाळ्यानंतर सगळा सरंजाम उन्हात काढला नाही तर पुढच्या मोसमात त्या तोफेचा उपयोग फक्त सलामीपुरता उरतो. अण्वस्त्राचेही तसेच आहे. प्लुटोनियम-२३९ चे अर्धे आयुष्य सुमारे २४,००० वर्षांचे असले, तरी त्याच्याभोवतीची स्फोटके, जोडण्या, विद्युत्‌मंडले ही माणसाच्या आयुष्याहूनही लवकर म्हातारी होतात; आणि स्फोटाची शक्ती वाढविण्यासाठी ज्या देशांनी ट्रिटियम हा वायू वापरला आहे त्यांना दर सव्वाबारा वर्षांनी त्यातला निम्मा नाहीसा झालेला आढळतो. तो पुन्हा भरावाच लागतो. प्रत्यक्ष स्फोट करून पाहण्याची सोय तर आपल्याला उरलेली नाही, कारण भारताने १९९८ पासून स्वतःहूनच चाचण्या थांबविल्या आहेत. तेव्हा शस्त्र कामाचे राहिले आहे किंवा नाही याची खात्री गणितावर आणि प्रयोगशाळेतील परीक्षांवर करून घ्यावी लागते. कधी न उडवलेल्या तोफेबद्दल गोलंदाजाने शपथेवर जबानी द्यावी, असा हा मामला आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे, आणि ते आपण स्वतःवर घालून घेतलेल्या एका बंधनातून निघते. ४ जानेवारी २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने जाहीर केलेल्या धोरणात भारत अण्वस्त्राचा पहिला वापर करणार नाही, परंतु आपल्यावर तसा हल्ला झाल्यास प्रत्युत्तर असह्य हानी करणारे असेल, असे म्हटले आहे. आणि हा वापर फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय मंडळाच्याच हुकमाने होईल, असेही. आता ज्याने पहिला घाव न घालण्याचा शब्द दिला त्याला एक गोष्ट अपरिहार्य होते : शत्रूचा पहिला घाव सोसूनही आपली शस्त्रे शाबूत राहिली पाहिजेत. शत्रूला जर वाटले की एका पहाटे सगळी कोठारे आणि सगळे विमानतळ उद्‌ध्वस्त करता येतील, तर आपला संयम हा त्याला आमंत्रण ठरेल. म्हणजे शस्त्रे किती आहेत यापेक्षा ती कोठे आहेत हे शत्रूला कळू नये, याला महत्त्व येते. आणि गेल्या पंचवीस वर्षांतील आपल्या अण्वस्त्रांच्या आधुनिकीकरणाची बहुतेक सगळी कथा या एका ओळीभोवती फिरते.

जमिनीवरचे उदाहरण घेऊ. ‘अग्नी’ मालिकेतील ५,००० किलोमीटरहून अधिक पल्ल्याच्या पाचव्या क्षेपणास्त्राची पहिली चाचणी एप्रिल २०१२ मध्ये झाली. नंतर ते बंद नळकांड्यात घालून मोटारगाडीवर ठेवण्याची व्यवस्था झाली. हा बदल दिसायला किरकोळ, पण फळ मोठे. कारण हवाबंद नळकांड्यात क्षेपणास्त्र वर्षानुवर्षे तयार राहते, ऊन, धूळ, पाऊस यांचा उपद्रव नाही, आणि गाडी रात्रीतून एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ शकते. ११ मार्च २०२४ रोजी याच क्षेपणास्त्राने एकाच उड्डाणातून अनेक अग्रे वेगवेगळ्या लक्ष्यांकडे सोडण्याची चाचणी केली. तिला ‘दिव्यास्त्र’ हे पौराणिक नाव देण्यात आले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘अग्नी प्राइम’ हे मध्यम पल्ल्याचे क्षेपणास्त्र रेल्वेच्या गाडीवरूनही सोडून पाहिले. नामसाधर्म्याची एक मौज येथे नमूद करण्यासारखी आहे. महाराष्ट्रात आणखी एक दिघी आहे, पुण्याजवळ आळंदीच्या वाटेवर. तेथे संरक्षण संशोधन संस्थेची जी प्रयोगशाळा आहे तिने सैन्यासाठी पूल आणि क्षेपणास्त्रांच्या प्रक्षेपक गाड्या यांची रचना केलेली आहे. एका दिघीहून जुन्या तोफा दिसतात, दुसऱ्या दिघीत नव्या तोफांचे गाडे बनतात.

तरीही जमिनीवरची गाडी आकाशातून दिसते. पाण्याखालची पाणबुडी दिसत नाही. म्हणून अणुशक्तीवर चालणारी आणि क्षेपणास्त्रे पोटात बाळगणारी पाणबुडी हा या विद्येचा आजवरचा शेवटचा शब्द समजला जातो. ती महिना-दोन महिने वर न येता राहू शकते, कारण तिच्या भट्टीला हवा लागत नाही. आपली पहिली अशी पाणबुडी ‘अरिहंत’ विशाखापट्टणम येथे २६ जुलै २००९ रोजी जलावतरित झाली. तिची लहानखुरी अणुभट्टी सिद्ध करण्यात ट्रॉम्बेच्याच संशोधकांचा हात होता, तमिळनाडूतील कल्पाक्कम येथे तिचा जमिनीवरचा नमुना आधी चालवून पाहिला गेला, आणि यंत्रसामग्रीत इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याचाही वाटा होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिची पहिली गस्त पूर्ण झाल्याचे पंतप्रधानांनी जाहीर केले. तिच्या क्षेपणास्त्राचा पल्ला मात्र अवघा ७५० किलोमीटर. नकाशावर कंपास ठेवून पाहिले तर बंगालच्या उपसागरातून एवढ्या पल्ल्यात चीनची कोणतीही मोठी नगरी सापडत नाही. मग ३,५०० किलोमीटर पल्ल्याचे ‘के-४’ तयार करणे आले. ते दुसऱ्या पाणबुडीवरून, ऑगस्ट २०२४ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘अरिघात’वरून, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सोडून पाहण्यात आले. पल्ला वाढविणे म्हणजे येथे केवळ अधिक दूर मारणे नव्हे. पल्ला जितका मोठा तितके आपल्या पाणबुडीला लपण्यासाठी पाणी अधिक.

आणि लपण्याला पाणी लागते याचा अर्थ कोकणच्या माणसाला चटकन समजेल. ही पाणबुडी पूर्व किनाऱ्यावर का, आपल्या बाजूला का नाही, असे कोणी दिघीच्या कोळ्याला विचारले तर तो हसेल. मुंबईसमोर समुद्राचा तळ तीनशे किलोमीटरांच्या घरापर्यंत उथळ पायरीसारखा पसरलेला आहे. मासळीला ही उथळ भूमी म्हणजे कुरण, आणि म्हणून कोळीवाडे भरभराटले. सहा हजार टनांच्या पाणबुडीला मात्र येथे लपायला जागा नाही. पूर्वेला ही पायरी अरुंद असून पाणी लवकर खोल होते. निसर्गाने जी जागा पापलेटाला दिली ती अरिहंताला दिली नाही.

जगभर हाच खटाटोप चालला आहे, आणि त्यात आपण लहान भागीदार आहोत हे आकड्यांवरून दिसते. स्टॉकहोमच्या शांतता-संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२५ च्या आरंभी भारतापाशी सुमारे १८०, पाकिस्तानापाशी १७० आणि चीनपाशी ६०० अण्वस्त्रे होती. रशिया आणि अमेरिका यांची संख्या प्रत्येकी पाच हजारांवर. अमेरिका १९७० पासून सेवेत असलेली ‘मिनिटमन’ क्षेपणास्त्रे बदलू पाहत आहे, रशिया आपल्या जुन्या अजस्र क्षेपणास्त्राच्या जागी ‘सरमत’ आणू पाहत आहे, आणि चीनच्या पश्चिमेकडील वाळवंटात क्षेपणास्त्रांच्या नव्या विहिरी खणल्या जात असल्याचे २०२१ मध्ये उपग्रहांच्या छायाचित्रांवरून जगाला समजले. चीन अमेरिकेकडे पाहून वाढवितो, भारत चीनकडे पाहून, पाकिस्तान भारताकडे पाहून. आणि प्रत्येकाची राजधानी मनोभावे शपथ घेते की आपण फक्त किमान गरज भागवीत आहोत. पद्मदुर्ग झाल्यावर जंजिऱ्याने तोफा कमी केल्या असतील असे मला वाटत नाही. भारताच्या धोरणातील ‘किमान’ हा शब्द मला म्हणूनच मोलाचा वाटतो. १८० च्या ठिकाणी ६०० झाली तर जरब तिप्पट होते, हे गणित कोणत्याही शाळेत शिकवलेले नाही. शाबूत राहिलेली मोजकी शस्त्रे जी भीती उत्पन्न करतात तीच पुरेशी असते, आणि शाबूत न राहणारी हजार असली तरी निकामी.

येथवर सगळे मोठ्या दरवाज्याच्या राखणीबद्दल झाले. आता खाडीकडे वळू.

दिघीचे नाव देशाच्या वर्तमानपत्रांत ज्या कारणाने गाजले ते अणुशक्तीशी मुळीच संबंधित नव्हते. जानेवारी १९९३ मध्ये, ९ तारखेच्या रात्री, येथील किनाऱ्यावर चोरट्या मालाची एक खेप उतरली. पुढच्या फेब्रुवारीत जवळच्याच शेखाडीला आणखी दोन उतरल्या. माल या वेळी केवळ नेहमीचा सोन्याचांदीचा नव्हता, त्यात शस्त्रे आणि आरडीएक्स नावाचे स्फोटकही होते. आणि १२ मार्चला मुंबईत जे बारा बाँबस्फोट झाले व ज्यांत २५७ माणसे प्राणास मुकली, त्यांचा धागा तपासात या किनाऱ्यापर्यंत येऊन पोचला. तेव्हा पोखरणच्या पहिल्या स्फोटाला १९ वर्षे होत आली होती. ट्रॉम्बेच्या भट्ट्या रात्रंदिवस चालू होत्या. येथून एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर आशियातल्या श्रेष्ठ वैज्ञानिकांची फौज बसलेली होती, आणि तिचा या मचव्यांना काडीइतका अटकाव झाला नाही.

हा योगायोग नव्हे. अमेरिकेतील ग्लेन स्नायडर या अभ्यासकाने १९६५ मध्येच मांडले होते की दोन राष्ट्रांतील अण्वस्त्रांचा तोल जितका पक्का, तितके लहानसहान कुरापती काढण्याचे धाडस वाढते, कारण कोणीही एका खेपेसाठी सर्वनाश ओढवून घेणार नाही हे दोघांनाही पक्के ठाऊक असते. १९९८ नंतर अवघ्या एका वर्षात कारगिल झाले. २००८ मध्ये कराचीहून निघालेली दहा माणसे वाटेत एक मासेमारी नौका बळकावून कुलाब्याच्या मच्छिमार वस्तीत उतरली. मोठी जरब मोठ्या युद्धाला अडवते, आणि ते काम ती चोख करते असे मी मानतो. परंतु तिच्या सावलीत लहान वाटा मोकळ्या राहतात. त्यांची राखण अग्नीच्या पाचव्या आवृत्तीने होत नाही.

ती कोणी करायची असते हे १९९३ च्या त्या रात्रीच्याच हकीकतीत दडलेले आहे. दिघीहून निघालेल्या मालाच्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी खरोखरच अडविल्या होत्या. शासनाच्या सगळ्या यंत्रणेतील नेमका योग्य मनुष्य नेमक्या योग्य जागी, नेमक्या योग्य वेळी उभा होता, असे क्वचित घडते. मग सौदा झाला. ठरलेली रक्कम त्या वेळी हाताशी नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून गाड्या पुढे सोडण्यात आल्या, असे न्यायालयीन कामकाजातून पुढे आले, आणि त्या प्रकरणी पोलीस व सीमाशुल्क खात्यांतील काहींना शिक्षाही झाल्या. जिवाजी विनायकाला लिहिलेल्या पत्रातली शंका तीनशे वर्षांनी त्याच खाडीकाठी अशी अक्षरशः खरी ठरावी, हे वाचताना अंगावर काटा येतो.

त्याच वर्षी नौदल, तटरक्षक दल, सीमाशुल्क आणि पोलीस यांची संयुक्त गस्त ‘ऑपरेशन स्वान’ या नावाने महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर सुरू झाली. २००८ नंतर मच्छिमारांना ओळखपत्रे आली, होड्यांना राज्यवार रंग आले, सागरी पोलिसांची ठाणी आली. दिघीलाही एक आहे. पावसाळा सरून नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात, तेव्हा त्यांच्या नोंदी तपासणे, तांडेलाकडून खलाशांची नावे उतरवून घेणे, रात्री खाडीच्या मुखाशी एखादा अनोळखी दिवा हलला तर तो कोणाचा हे विचारणे, एवढेच त्या ठाण्याचे काम; आणि त्या कामासाठी जी गस्तीची नौका असते तिला इंजिन लागते, इंजिनाला डिझेल लागते, आणि डिझेलची मंजुरी जिल्ह्याहून वेळेवर यावी लागते.